टिपणीस आणि लाल डेपो

ओटाहुहूच्या डेपोला कुलूप लागलं त्या आठवड्यात टिपणीस कामावर आलेच नाहीत, असं आमच्या ऑफिसातले काही जण नंतर सांगत. ते खरं नाही. ते रोज आले. सगळ्यांच्या आधी आले, आपल्या जागेवर बसले आणि संध्याकाळपर्यंत स्क्रीनकडे पाहत राहिले. कुणी काही विचारलं तर उत्तर देत होते. पण त्या आठवड्यात त्यांनी स्वतः कुणालाच प्रश्न विचारला नाही, आणि टिपणिसांच्या बाबतीत ती रजेपेक्षा मोठी गैरहजेरी होती.

कारण एरवी त्यांच्या तोंडी सतत एकच प्रश्न असायचा. "कशावरून?"

आज फार गारठा आहे म्हटलं, की कशावरून? मार्केटिंगमधली मुलगी म्हणाली, लोकांना आपलं नवं दही आवडतंय, की लगेच इंग्रजीत, "हाऊ डू यू नो?" विचारण्यात खोच नसायची. कुठे दुखतंय असं डॉक्टर ज्या आवाजात विचारतो, तसा आवाज. आमची रिसेप्शनिस्ट रोज सकाळी त्यांना "गुड मॉर्निंग, अरविंद" म्हणायची आणि लगेच स्वतःच पुढे जोडायची, "हाऊ डू आय नो?" टिपणीस दर वेळी तितकेच हसायचे. सुलभावहिनी, त्यांच्या पत्नी, सांगायच्या की पाहायला आले तेव्हा मला स्वयंपाक येतो म्हटल्यावर या माणसाने तिथेही कशावरून म्हणून विचारलं होतं. "मग मी म्हटलं, रविवारी जेवायला या. आणि आले की हो."

मी डोंबिवलीहून ऑकलंडला आले ती दोन हजार दोन साली, नवरा आणि लहान मुलगी घेऊन. काही महिन्यांनी ईस्ट टामाकीतल्या एका कंपनीत नोकरी लागली. दूध, ब्रेड, आइस्क्रीम, गोठवलेल्या भाज्या असा माल आमची कंपनी शहरभरच्या डेअऱ्यांना पोचवायची. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं आम्ही गोठ्यांना दूध विकतो. कंपनीचे तीन डेपो होते. ईस्ट टामाकीचा मोठा, तिथेच आमचं ऑफिस. एक पुलापलीकडे उत्तरेला. आणि सगळ्यात लहान तो ओटाहुहूचा.

माझ्याकडे होती रोजच्या कामाची कॉम्प्युटर सिस्टीम. ऑर्डर आली, माल निघाला, ट्रक सुटला, पावती झाली. टिपणिसांची सिस्टीम वेगळी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा पाजत फरक समजावला. "तुझ्या सिस्टीमला विचारलं, कोपऱ्यावरच्या पटेलभाईंकडे आज दूध पोचलं का, तर ती सांगते. माझीला तेच विचारलं तर ती म्हणते, उद्या या. पण गेल्या काही हिवाळ्यांत पटेलभाईंकडे दूध कसं गेलं ते विचार, ती लगेच सांगेल. तुझीवर कंपनी चालते. माझीवर कंपनी विचार करते. निदान तिने करावा अशी अपेक्षा आहे."

त्या वेळी ही दुसरी सिस्टीम अजून पुरती उभी राहिली नव्हती. दोन्ही कामं एकाच मशीनवर चालायची, आणि त्याचं काय होतं ते मी थोड्याच दिवसांत पाहिलं. एका सकाळी वरच्या मजल्यावरून कुणीतरी मागच्या सगळ्या वर्षांची विक्री एकदम मागवली आणि मशीन जागच्या जागी रुतलं. ऑर्डरी उघडेनात. खाली ट्रकांची रांग लागलेली, दुधाचे क्रेट बाहेर काढलेले, उन्हाळ्याचे दिवस. मी घामाघूम होऊन कळफलक बडवत होते. टिपणीस उठले, आदल्या दिवशीच्या पावत्यांचा गठ्ठा उचलला आणि खाली गेले. मी खिडकीतून पाहिलं तर ते एका उलट्या क्रेटवर बसून ड्रायव्हरांना हाताने पावत्या लिहून देत होते. एकेक ट्रक सुटत होता.

दुपारी ते आमच्या तेव्हाच्या साहेबांकडे, कॉलिनकडे गेले. कॉलिन जुना माणूस, स्वतः कधीकाळी ट्रक चालवलेला. टिपणीस त्याला म्हणाले, "ट्रक सोडायचे आणि त्याच वेळी ट्रकांचा इतिहास लिहायचा, हे एका माणसाला जमत नाही. मशीनला का जमावं?" कॉलिनने दुसरं मशीन घेऊन दिलं. तेव्हापासून माझ्या सिस्टीममधला दिवसाचा व्यवहार रोज त्यांच्या सिस्टीममध्ये उतरू लागला, आणि टिपणीस आपल्या मुलीची प्रगती सांगावी तशी त्याची प्रगती सांगू लागले.

पण या माणसाचं वैशिष्ट्य असं, की ते स्वतःच्या मशीनलाही कशावरून विचारायचे. एका हिवाळ्यात त्यांना दिसलं, की मांगेरेतल्या एका डेअरीत ऐन थंडीत आइस्क्रीम खपतंय. बाकी सगळीकडे बंद, इथेच जोरात. मार्केटिंगवाले खूश झाले, तिथे मोठा फलक लावू म्हणाले. टिपणीस शनिवारी सुलभावहिनींना आपल्या कोरोला गाडीत घालून त्या डेअरीत गेले. शेजारीच चर्चचा हॉल होता. आत साठसत्तर टोंगन, म्हणजे टोंगा बेटांवरच्या लोकांची, मुलंमुली गाण्याचा सराव करत होती, आणि सराव सुटला की सगळी त्या दुकानात. कसलीशी स्पर्धा होती, ती झाली की सराव संपणार होता. सोमवारी टिपणीस मला म्हणाले, "आकड्याला एवढंच कळतं की आइस्क्रीम गेलं. गाणं त्याला ऐकू येत नाही." फलक लागला नाही. पुढच्या महिन्यात तिथलं आइस्क्रीमही थांबलं.

त्या शनिवारी त्यांच्यासोबत गाडीत मागे आप्पाही होते. आप्पा म्हणजे टिपणिसांचे वडील. आई गेल्यावर टिपणिसांनी त्यांना कऱ्हाडहून आणलं होतं. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी हयात गेलेली. कोणती गाडी लागली, कोणती सुटली, हे ओरडून सांगण्यात गेलेला आवाज, आणि आता दिवसभर घरात बोलायला कुणी नाही. मुलगा आणि सून कामावर. नात प्राची कॉलेजात. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं आणि ते आप्पांना कळायचं नाही. रस्त्यावर माणूस दिसत नाही, म्हणायचे. दिसला तर तो पळत असतो.

टिपणिसांनी मग एक केलं. शनिवारी सकाळी ते आप्पांना ओटाहुहूच्या डेपोत न्यायला लागले.

तिथला मुकादम सेमिसी. टोंगाचा, दाराएवढा रुंद, हळू बोलणारा. त्याने आप्पांना पाहिलं, आत गेला आणि ऑफिसातली हात असलेली खुर्ची आणून माल चढवायच्या जागी सावलीत ठेवली. त्यानंतर ती खुर्ची आप्पांचीच झाली. ट्रक मागे घेताना आप्पा हात हलवून "आने दो, आने दो, बस" म्हणायचे आणि ते आडदांड ड्रायव्हर खरोखर त्यांच्या हातावर ट्रक मागे घ्यायचे. मी एकदा माझ्या मुलीला घेऊन गेले होते तेव्हा पाहिलं. आप्पा तिथे वेगळेच दिसत होते, ताठ आणि कामात असल्यासारखे. सुलभावहिनी म्हणायच्या, सोमवारपासून शनिवारची वाट बघतात.

दोन हजार चारच्या सुमाराला कॉलिन निवृत्त झाला. कंपनी सिडनीच्या लोकांनी घेतली आणि ग्रँट नावाचा नवा साहेब आला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. कुणाचा वाढदिवस असला तर स्वतः केक आणायचा. पण त्याला सिडनीला उत्तर द्यायचं असायचं, आणि सिडनीला एका पानात उत्तर हवं असायचं. त्याने टिपणिसांच्या सिस्टीमवर एक नवं पॅकेज चढवलं. निर्णय घ्यायला मदत करणारं, असं त्याचं वर्णन होतं. ते प्रत्येक डेपोला, प्रत्येक मार्गाला एक रंग द्यायचं. हिरवा म्हणजे छान, नारिंगी म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे विचार करा.

पहिल्याच महिन्यात ओटाहुहू लाल आला. पुढच्या महिन्यात पुन्हा लाल.

टिपणिसांना कारण लगेच कळलं, कारण ते दर शनिवारी तिथे उभे असायचे. प्रत्येक डेअरी कागदोपत्री कुठल्या तरी एका डेपोची होती, आणि विक्री त्या डेपोच्या नावावर पडायची. पण कुठे ट्रक बंद पडला, कुठे माल द्यायचा राहिला, कुठल्या दुकानाचा फ्रीज रात्रीत बसला, की दुकानदार सेमिसीला फोन करायचा. ओटाहुहू मधोमध, मोटरवेला लागून. सेमिसीची माणसं जाऊन यायची. विक्री दुसऱ्या डेपोची, डिझेल आणि जादा वेळेचा पगार ओटाहुहूचा. आणि हे सगळं फोनवर ठरायचं, त्यामुळे त्या फेऱ्या माझ्या सिस्टीममध्ये नोंदल्याच जायच्या नाहीत. जे माझ्याकडे आलं नाही ते टिपणिसांकडे कुठून उतरणार? कॉलिनला हे तोंडपाठ होतं. पण कॉलिन आता दूर नेपियर गावी बाग करत होता.

ग्रँटने बैठक बोलावली. माझ्या सिस्टीमतर्फे मीही होते. टिपणिसांनी सगळं समजावून सांगितलं. ग्रँटने नीट ऐकलं.

"अशा किती फेऱ्या होतात?"

"माहीत नाही. नोंद नाही."

"अंदाजे सांग."

"अंदाज सांगितला तर तुम्ही तो लिहून घ्याल," टिपणीस म्हणाले. "पुढच्या बैठकीत तो आकडा झालेला असेल."

"अरविंद, मग मी सिडनीला काय सांगू? आमच्या रिपोर्टवाल्याचाच रिपोर्टवर विश्वास नाही?"

"रिपोर्टवर आहे. तो जे सांगतो त्यावर आहे. तो जे सांगत नाही, त्याबद्दल मी बोलतोय."

ग्रँटने डोळे चोळले. म्हणाला, "मला बंद करायची हौस नाही. पण मला काहीतरी दाखव. हिवाळा संपेपर्यंत वेळ घे."

टिपणीस बैठकीतून जवळजवळ पळतच निघाले. त्यांनी एक साधा तक्ता बनवला. कुठे गेलो, कुणाच्या दुकानात, काय नेलं. ड्रायव्हरांनी परतल्यावर भरायचा, मी तो सिस्टीममध्ये चढवणार, आणि हिवाळा संपेपर्यंत ओटाहुहूचं काम सगळ्यांना दिसणार. तक्त्यांचा गठ्ठा घेऊन ते डेपोत गेले तेव्हा मी बरोबर होते. सेमिसीने एक कागद घेतला आणि शांतपणे वाचला.

"ब्रो," तो म्हणाला, "याआधी मी ज्या फॅक्टरीत होतो तिथेही असंच झालं. आधी असा कागद आला. मग पत्र आलं."

"हा कागद तुमच्या बाजूचा आहे, सेमिसी."

"वर कोण वाचणार?"

टिपणिसांनी हातातला गठ्ठा सरळ केला. मग म्हणाले, "ग्रँट."

सेमिसीने मान हलवली आणि कागद ठेवून घेतले. टिपणिसांचा मान राखला त्याने. पण माणसं भरेनात. कुणी परवानगीशिवाय गेलो म्हणून ओरडा बसेल या भीतीने फेऱ्या लपवल्या, कुणी जादा वेळ कापतील म्हणून. काहींनी सरळ कोरे कागद परत दिले. टिपणीस आठवड्यातून दोनदा जायला लागले, एकेकाला समजवायला लागले. जितकं समजवावं तितकी ती माणसं मागे सरत होती. ऑफिसचा माणूस पुन्हा पुन्हा येतोय म्हणजे काहीतरी शिजतंय, असंच त्यांना वाटणार.

एका सोमवारी टिपणीस माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. "आप्पा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, हल्ली तू आलास की ती पोरं गप्प होतात. मी एकटा असलो की बोलतात. तू काय केलंस त्यांना?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? त्यांची नोकरी वाचवतोय म्हणून?"

हिवाळा संपला. तक्ते गोळा झाले ते जेमतेम. मी ते चढवले, आणि ओटाहुहूचा लाल आणखी पक्का झाला. आता दप्तरी पुरावाच होता की अशा फेऱ्या फारशा होत नाहीत. टिपणीस माझ्या मागे उभे राहून तो रंग पाहत होते. 

शेवटच्या बैठकीच्या आधी ते काही दिवस उशिरापर्यंत थांबून मशीनवर काम करत राहिले. मग बैठकीत त्यांनी भिंतीवर दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवली. आकडे तेच, महिने तेच. डावीकडे ओटाहुहू लाल. उजवीकडे हिरवागार. सिडनीचे लोक फोनवर होते, त्यांनाही ती चित्रं आधी पाठवलेली.

"खर्च कुणाच्या नावावर टाकायचा, याचा नियम मी एका ओळीत लिहिलाय," टिपणीस म्हणाले. "डावीकडे डिझेल आणि जादा पगार ज्या डेपोची माणसं गेली त्याच्या नावावर, उजवीकडे तिन्ही डेपोंत विक्रीच्या प्रमाणात वाटलेला. ती ओळ बदलली की हा रंग बदलतो. डावीकडचा नियम चूक नाही. उजवीकडचाही नाही. कुठला धरायचा हे मशीन सांगू शकत नाही. ते तुम्हाला ठरवायचंय, आणि त्यासाठी तिथे जाऊन बसावं लागेल. दोन दिवस बसा. एवढंच मागतोय मी."

 मला वाटलं, जिंकले. इतकं स्वच्छ मी कुणालाच कधी मांडताना पाहिलं नव्हतं.

मग ग्रँट हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे इतके महिने आम्ही जो रंग बघत होतो, तो तू ठरवत होतास?"

"कुणीतरी ठरवावाच लागतो. कुठल्याही रिपोर्टमध्ये—"

"मला कुणी सांगितलं नाही, की हे कुणीतरी ठरवतं."

फोनमधून सिडनीचा कुणीतरी हसला. तो हसण्याचा आवाज मी विसरलेले नाही. टिपणीस अजून बोलत होते, पण आता त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. सगळे त्या उजवीकडच्या हिरव्या रंगाकडे असे पाहत होते, जणू तो टिपणिसांनी खिशातून काढला होता.

आठवड्याभरात बाहेरून एक सल्लागार आला. टिपणिसांना त्यांच्याच सिस्टीममध्ये काही बदलता येणार नाही अशी सोय करण्यात आली. तात्पुरती, असं पत्रात लिहिलं होतं. सल्लागाराने डावीकडचा नियम कायम केला. त्याने निदान तो प्रामाणिकपणे तपासला. पण त्याच्यापुढेही तेच तक्ते होते.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये टिपणीस गाडीचं दार उघडून नुसते उभे होते. मला पाहून म्हणाले, "मेधा, मी नुसता हिरवा दाखवला असता ना, तर डेपो वाचला असता. कुणी विचारलं नसतं. लाल लपवायचा, एवढंच करायचं होतं."

"तुमच्याकडून ते झालं नसतं."

"हो. तेच. त्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि मी खरं बोललो." त्यांनी गाडीचं दार लावलं. "घरी जाऊन आप्पांना काय सांगू, ते सांग."

पत्रं निघाली. काही तरुण ड्रायव्हरांना ईस्ट टामाकीत घेतलं. बाकीच्यांना नाही. सेमिसीला नाही. डेपोच्या शेवटच्या दिवशी टिपणीस तिथे गेले होते, एवढंच मला कळलं. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. सुलभावहिनींकडून कळलं की ते फाटकाशी उभे राहिले, माणसं बाजूने निघून गेली.

आप्पांना त्यांनी खरं सांगितलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस खोटं बोलला, आणि तेही किती कच्चं. म्हणाले, ट्रक दुरुस्तीला गेलेत. पुढच्या शनिवारी म्हणाले, सुट्टी आहे. आप्पा कपडे करून, टोपी घालून सोफ्यावर बसायचे. शेवटी एका शनिवारी हट्टच धरला, आणि टिपणिसांना न्यावं लागलं. फाटकाला साखळी, आत गवत वाढायला लागलेलं. आप्पा जाळीला धरून बराच वेळ आत पाहत राहिले. मग म्हणाले, "सगळ्या गाड्या सुटल्या वाटतं," आणि गाडीत जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी शनिवारचं नाव काढलं नाही. खोलीतून बाहेर येईनासे झाले. जेवण परत जायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त ठीक, सगळं ठीक. आप्पा एकच वाक्य बोलायचे, मला कऱ्हाडला पोचव.

सुलभावहिनींचा मला फोन आला. रडत नव्हत्या, पण आवाज रडून संपलेला होता. "मेधा, एका खोलीत ते बसतात, दुसऱ्या खोलीत हे. दोघंही बोलत नाहीत. प्राची काल म्हणाली, बाबा, इट्स जस्ट अ जॉब. तर हे तिच्याकडे बघत राहिले, आणि तिलाच रडू आलं. मी काय करू सांग."



डेपो बंद झाला आणि पुढच्या हिवाळ्यात व्हायचं ते झालं. ट्रक बंद पडला की जायला कुणी नाही. सकाळचं दूध दुपारी पोचू लागलं. दक्षिणेकडच्या डेअऱ्या एकेक करून दुसऱ्या कंपनीकडे गेल्या. ईस्ट टामाकीचा मोठा डेपो नारिंगी झाला. ग्रँटला सिडनीने परत बोलावलं. ही बातमी मी टिपणिसांना सांगायला गेले, जरा उत्साहातच गेले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"नको सांगूस," ते म्हणाले. "मला यात बरोबर ठरायचं नव्हतं."

त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. आप्पांना घेऊन ते कऱ्हाडला चालले होते. काही महिन्यांसाठी, असं म्हणाले. पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. ते परत आले नाहीत. प्राचीचं शिक्षण संपल्यावर सुलभावहिनीही गेल्या. आप्पा तोवर वारले होते. टिपणिसांनी पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला नाही, असं वहिनींनी एकदा कळवलं, आणि मग तेही कळवणं थांबलं.

जाण्याच्या आधीच्या शनिवारी त्यांनी मला फोन केला. सेमिसीचं कुटुंब ब्रिस्बेनला कायमचं चाललं होतं. इथे काम मिळालं नव्हतं, तिकडे भाऊ होता. ओटाहुहूच्या चर्चच्या हॉलमध्ये निरोपाचं जेवण होतं. टिपणिसांना बोलावणं नव्हतं.

"तू येशील का?" त्यांनी विचारलं. "मला एकट्याला आत नाही जाता येणार."

हॉलमध्ये लांबलचक टेबलं मांडलेली, त्यावर अन्नाचे ढीग. आम्ही दारात उभे राहिलो. डेपोतले बरेच जण होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि बोलणी थांबली. आप्पा टिपणिसांच्या दंडाला धरून होते. ते इतके वाळले होते की शर्ट खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. सेमिसी पलीकडच्या टोकाला बसला होता. तो उठला, सगळा हॉल ओलांडून आला, टिपणिसांकडे न पाहता आप्पांचा दुसरा हात धरला आणि त्यांना आपल्या शेजारी नेऊन बसवलं. त्याच्या बायकोने त्यांच्यापुढे नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू ठेवलं. कित्येक आठवड्यांत आप्पा पहिल्यांदा नीट जेवताना मी पाहिले.

टिपणीस तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने सेमिसी पाणी घ्यायला उठला तेव्हा ते त्याच्याजवळ गेले. मी मागेच होते.

"सेमिसी, मी तुम्हाला सांगायला हवं होतं, की—"

"दोन रंगांचं कळलं आम्हाला," सेमिसी म्हणाला. "वरच्या मजल्यावर साफसफाई करते ना, ती माझी मेहुणी. तिने सांगितलं, तू काय बोललास ते."

"त्याचा उपयोग झाला नाही."

"नाही," सेमिसी म्हणाला. "नाही झाला." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. "तुझे वडील काही खात नाहीत का, ब्रो?"

टिपणिसांनी नाही म्हणून मान हलवली.  सेमिसीने पाण्याचा जग उचलला आणि तो परत आप्पांशेजारी जाऊन बसला. टिपणिसांना त्याने बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

गाणी सुरू झाली. सगळे उभे राहून गात होते, आप्पाही सेमिसीच्या खांद्याचा आधार घेऊन उभे होते. मला माझ्या मुलीला घ्यायला जायचं होतं. टिपणिसांना सांगावं म्हणून शोधलं तर ते हॉलमध्ये नव्हते. मागच्या स्वयंपाकघरात होते. बाह्या कोपराच्या वर दुमडून, अंगभर ओले होऊन, मोठ्या मोठ्या पातेल्यांच्या ढिगापुढे उभे. दोन टोंगन बायका त्यांच्या शेजारी भांडी पुसत होत्या आणि आपापसात काही बोलत होत्या. टिपणिसांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. मी हाक मारली. आतपर्यंत येणाऱ्या गाण्यात ती बुडाली असावी. एक पातेलं घासून झालं की ते उजेडात धरून पाहत होते, बाजूला ठेवत होते, आणि पुढचं ओढून घेत होते.